हिप्परग्याचे हेडमास्तर 'स्वामीजी' कसे झाले आणि त्यांच्यातला मास्तर लोकांना का दिसला नाही?

दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाड्यातल्या शाळांमध्ये सकाळी झेंडावंदन असतं. उरलेल्या महाराष्ट्रात हा दिवस फारसा कुणाच्या लक्षात नसतो, पण धाराशिवपासून नांदेडपर्यंत तो मुक्तिसंग्राम दिन. टेबलावर एक फोटो ठेवतात, हार घालतात, नारळ फोडतात. फोटोतल्या माणसाच्या अंगावर भगवी वस्त्रं आणि खाली नाव असतं, स्वामी रामानंद तीर्थ.

लहान पोरांना वाटतं हे कुणीतरी महाराज असणार. पोरांचं कशाला, मोठ्या माणसांनाही हे कुठल्या मठाचे, कुठल्या संप्रदायाचे असा प्रश्न पडतो.

तर या स्वामींनी मठ कधी काढलाच नाही. त्यांच्याकडे होती ती एक शाळा. धाराशिव जिल्ह्यात, आजच्या लोहारा तालुक्यात हिप्परगा (रवा) नावाचं गाव आहे. तिथल्या राष्ट्रीय शाळेचे ते हेडमास्तर होते. तेव्हा त्यांचं नाव होतं व्यंकटेश भगवानराव खेडगीकर.

हेडमास्तर खेडगीकरांचे स्वामीजी कसे झाले, हे समजलं की मराठवाड्याच्या स्वातंत्र्यलढ्याची सुरुवात शाळांमधून का झाली तेही समजतं. म्हणून जरा मागून सुरुवात करू.

व्यंकटेशचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ चा, सिंदगीचा. हे गाव आज कर्नाटकातल्या विजयपूर जिल्ह्यात आहे. भाग कानडी, पण शिक्षण सोलापूरला झालं, त्यामुळे कानडी आणि मराठी दोन्ही भाषा घरच्याच. सोलापूर म्हणजे इंग्रजांचा मुलूख. तिथून थोडं पूर्वेला सरकलं की निजामाचं हैदराबाद संस्थान सुरू व्हायचं. सरहद्दीच्या अलीकडे सभा, मोर्चे, वर्तमानपत्रं सगळं चालायचं आणि पलीकडे शुकशुकाट. पुढे आयुष्यभर ज्या सरहद्दीशी या माणसाचा संबंध आला, ती त्यानं शाळकरी वयातच पाहिलेली होती.

१ ऑगस्ट १९२० ला लोकमान्य टिळक गेले. व्यंकटेश तेव्हा सोळा वर्षांचा होता. त्या दिवसांत त्यानं लग्न करायचं नाही आणि देशाचंच काम करायचं असं ठरवून टाकलं. सोळाव्या वर्षी असं ठरवणारे त्या काळात पुष्कळ होते, पाळणारे थोडे. याने पाळलं.

असहकाराच्या चळवळीत त्यानं सरकारमान्य शाळा सोडली. मग अंमळनेरला राष्ट्रीय शिक्षण घेतलं आणि तिथून पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठात गेला. एम.ए.च्या प्रबंधाचा विषय होता लोकशाहीची उत्क्रांती. हा विषय लक्षात ठेवा. कारण लोकशाही जगात कशी वाढत गेली याचा अभ्यास केलेला हा माणूस पुढे अशा राज्यात नोकरीला गेला, जिथं चार माणसं जमवून सभा घ्यायची तरी सरकारची आगाऊ परवानगी लागायची.

शिक्षण झाल्यावर तो कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्याकडे गेला. हे जोशी म्हणजे आयटकच्या संस्थापकांपैकी एक आणि दिल्लीच्या कायदेमंडळात कामगारांची बाजू मांडणारे. मुंबई आणि दिल्लीत त्यांच्याबरोबर काम करायचं म्हणजे पुढं मोठ्या वर्तुळात नाव होणार हे ठरलेलंच. पण व्यंकटेशच्या तब्येतीनं दगा दिला आणि ते काम सुटलं.

१९२९ मध्ये तो हिप्परग्याला आला.

दिल्लीहून हिप्परगा! आज नकाशात शोधायलाही जरा वेळ लागेल असं गाव. पण तिथं एक शाळा होती आणि त्या काळात निजामाच्या राज्यात तशी शाळा असणं हीच मोठी गोष्ट होती.

थोडं राज्याबद्दल सांगायला हवं. हैदराबाद संस्थानात सोळा जिल्हे होते. आठ तेलुगू, पाच मराठी आणि तीन कानडी. मराठी पाच म्हणजे औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होतं, ते १९८२ मध्ये वेगळं झालं. जिल्ह्याचं उस्मानाबाद हे नावच मुळी सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्यावरून पडलेलं. प्रजेतल्या बहुसंख्य लोकांची भाषा तेलुगू, मराठी किंवा कानडी, पण कारभार उर्दूत. प्राथमिक शाळा संपली की पुढचं शिक्षणही उर्दूतून. १९१८ मध्ये निघालेलं उस्मानिया विद्यापीठसुद्धा उर्दू माध्यमाचं. एका भारतीय भाषेतून विद्यापीठाचं शिक्षण देणं हा त्या काळात खरं तर धाडसी प्रयोग होता, ते श्रेय द्यायलाच हवं. पण लोहाऱ्याकडच्या शेतकऱ्याच्या पोराला त्याचा उपयोग काय? त्याला गणित आधी परक्या भाषेतून समजून घ्यावं लागणार आणि मग सोडवावं लागणार.

खासगी शाळा काढावी तर त्यालाही परवानगी आणि ती सहज मिळत नसे. सभांवर बंधन घालणारं गश्ती निशान ५३ हे फर्मान तर होतंच. राजकीय पक्ष नाहीत, वर्तमानपत्रं नावापुरती, सभा नाही. मग लोकांनी एकत्र यायचं कुठं? वाचनालयात, गणेशोत्सवात, परिषदांत आणि शाळेत.

हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ मध्ये व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी यांनी सुरू केली होती. असहकाराच्या लाटेत देशभर अशा शाळा निघाल्या आणि त्यातल्या बऱ्याच दोन-चार वर्षांत बंद पडल्या. ही टिकली. शिकवणं मराठीतून. लांबलांबची मुलं येऊन राहायची आणि मास्तरही त्यांच्यातच राहायचे. शाळा सुटली म्हणून मास्तर घरी गेले असा प्रकार नव्हता.

अशा ठिकाणी मास्तराचं काही लपून राहत नाही. तो काय खातो, कधी उठतो, रागावला की कसा बोलतो, हे सगळं पोरं बघत असतात. शिकवलेला धडा विसरतात, पण हे विसरत नाहीत. खेडगीकर मास्तरांची ओळख तयार झाली ती इथं. लग्न केलेलं नाही, स्वतःसाठी काही मागत नाहीत, शिकलेले एवढे की शहरात कुठंही नोकरी मिळाली असती, आणि तरी इथं येऊन राहिलेत. आपल्याकडे अशा माणसाला काय म्हणतात? साधू म्हणतात. त्यांनी भगवे कपडे घालायच्या आधीच लोक त्यांच्याकडे त्या नजरेनं बघायला लागले असतील, असं मला वाटतं.

मग हिप्परग्याला असतानाच त्यांनी खरोखर संन्यास घेतला. त्यांच्यावर स्वामी रामतीर्थांच्या विचारांचा मोठा प्रभाव होता. आता गंमत बघा, हे रामतीर्थसुद्धा मूळचे मास्तरच. लाहोरच्या कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते. ते सगळं सोडून हिमालयाकडे गेले आणि १९०६ मध्ये गंगेत बुडून त्यांचा मृत्यू झाला. व्यंकटेश खेडगीकरांनी संन्यासानंतर जे नाव घेतलं, त्याच्या शेवटी तेच 'तीर्थ' आहे.

पण रामतीर्थ नोकरी सोडून गेले होते. रामानंद तीर्थ संन्यास घेऊनही शाळेतच राहिले. आदल्या दिवशी हेडमास्तर होते, दुसऱ्या दिवशीही हेडमास्तरच, फक्त कपडे बदलले आणि नाव बदललं.

आणि कपडे बदलल्यानं माणसांची नजर केवढी बदलते! हेडमास्तराशी गावातला माणूस वाद घालतो, पोराला नापास का केलं म्हणून जाब विचारतो. स्वामींच्या पाया पडतो. हेडमास्तरानं सांगितलेलं ऐकायचं की नाही हे आपण ठरवतो, स्वामीचा शब्द मोडवत नाही. पुढे राजकारणात याचा फायदा झाला यात शंका नाही. गावोगाव भाकरी मिळाली, मुक्काम मिळाला, सरकारी माणूस मागावर असताना आसरा मिळाला. पण त्याची किंमतही होती, ती पुढे येईलच.

१९३५ च्या सुमारास स्वामीजी आंबेजोगाईला गेले. निजामाच्या दप्तरात तेव्हा या गावाचं नाव मोमिनाबाद. तिथल्या योगेश्वरी शाळेचं काम त्यांनी आणि हिप्परग्याहून आलेल्या सहकाऱ्यांनी उभं केलं. या सहकाऱ्यांत बाबासाहेब परांजपे होते. शाळेतल्या या मास्तरमंडळींचीच पुढे चळवळीत फळी झाली. योगायोग म्हणाल तर तसाही नाही. औरंगाबादकडचे गोविंदभाई श्रॉफ हेसुद्धा आधी शिक्षकच होते. ज्या राज्यात पुढारी तयार व्हायला दुसरी जागाच नव्हती, तिथं पुढारी शाळेतूनच येणार.

सरकारलाही हे कळत होतं. पालकांना वाटायचं, आपलं पोर मराठी शिकतंय. सरकारला वाटायचं, इथं राजद्रोह शिकवला जातोय. दोघांचंही अर्धं खरं होतं.

१९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन झालं. मराठी जिल्ह्यांतल्या लोकांचं हे पहिलं मोठं व्यासपीठ. स्वामीजी तिचे सरचिटणीस झाले. मागण्या ऐकाल तर आज साध्या वाटतील, नागरी स्वातंत्र्य आणि जबाबदार राज्यपद्धती. पण एवढ्यावरून वातावरण तापलं. पुढच्या वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस काढायचं ठरलं आणि ती रीतसर जन्माला यायच्या आधीच सप्टेंबर १९३८ मध्ये सरकारनं तिच्यावर बंदी घातली.

इथं स्वामीजींसमोर प्रश्न उभा राहिला, शाळा की सत्याग्रह? मुख्याध्यापक सत्याग्रहाला बसला की शाळेवर सरकारची गदा येणार हे उघड होतं. मुलांना स्वातंत्र्याच्या गोष्टी शिकवायच्या आणि वेळ आली की वर्गात बसून राहायचं, हेही जमणारं नव्हतं. त्यांनी शाळा सोडली. ऑक्टोबर १९३८ मध्ये सत्याग्रह सुरू झाला आणि ते तुरुंगात गेले. पुन्हा हेडमास्तरच्या खुर्चीत ते कधी बसले नाहीत.

आता ती किंमत. सरकारचं म्हणणं होतं की स्टेट काँग्रेस ही जातीय संघटना आहे. नाव फक्त काँग्रेसचं, आत मुसलमानांच्या विरोधातलं राजकारण. नेमक्या त्याच महिन्यांत आर्य समाज आणि हिंदू महासभेचेही सत्याग्रह हैदराबादेत चालू होते, त्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला सगळं एकच वाटायचं. शेवटी गांधीजींच्या सल्ल्यानं डिसेंबर १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसनं सत्याग्रह थांबवला.

स्वामीजींची मागणी लोकशाहीची होती. पण अंगावर भगवं. विरोधकाला आरोप करायला आणखी काय लागतं? एम.ए.चा प्रबंध कुणी वाचत नाही, कपडे सगळे बघतात. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात अवघड पेच हाच होता. ज्या वस्त्रांमुळे खेड्यातला माणूस विश्वास ठेवायचा, त्याच वस्त्रांमुळे दुसरा घाबरायचा. आणि दोघांपैकी कुणालाच आतला राज्यशास्त्राचा मास्तर दिसत नव्हता.

पुढची काही वर्षं तुरुंग, सुटका, पुन्हा तुरुंग अशीच गेली. १९४० मध्ये वैयक्तिक सत्याग्रह, १९४२ मध्ये पुन्हा अटक. १९४६ मध्ये स्टेट काँग्रेसवरची बंदी उठली आणि स्वामीजी तिचे अध्यक्ष झाले. एका मराठी खेड्यातला हेडमास्तर आता तेलुगू, मराठी आणि कानडी अशा तिन्ही भागांचा नेता होता. तेलंगणातला एक तरुण कार्यकर्ता तेव्हा त्यांना गुरू मानायचा. त्याचं नाव पी. व्ही. नरसिंह राव, पुढे देशाचे पंतप्रधान झाले ते.

१९४७ आलं. देश स्वतंत्र होणार, पण निजामाला भारतात यायचं नव्हतं. ७ ऑगस्टला स्टेट काँग्रेसनं भारतात सामील व्हा दिन पाळायला लावला. १५ ऑगस्टला सगळा देश जागा असताना स्वामीजी पुन्हा अटकेत गेले. बाहेर दिगंबरराव बिंदूंच्या अध्यक्षतेखाली कृती समिती काम करत होती आणि सोलापूर, बार्शीकडच्या सरहद्दीवर छावण्या पडल्या होत्या.

समोर होते रझाकार आणि त्यांचा नेता कासिम रझवी. हा माणूस लातूरला वकिली करायचा, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातच. एकाच जिल्ह्यात एकानं शाळा चालवली आणि एकानं वकिली केली. पुढे पूर्ण संस्थानाच्या भवितव्यावरून दोघं समोरासमोर आले. इतिहासात असं क्वचित जुळून येतं.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा सोलापूरकडून आत शिरल्या, त्याही याच जिल्ह्यातून, नळदुर्गच्या रस्त्यानं. १७ सप्टेंबरला निजाम शरण आला. स्वामीजींची सुटका झाली.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, झेंडावंदनाच्या भाषणात ती येत नाही. रझाकारांनी अत्याचार केले होते, आणि पोलीस कारवाईनंतर त्याचा सूड निरपराध मुसलमानांवर उगवला गेला. केंद्र सरकारच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल यांची समिती पाहणी करून गेली. सगळ्यात जास्त झळ बसलेले जे चार जिल्हे तिनं सांगितले, त्यात उस्मानाबाद होता. लोकशाहीसाठी म्हणून उभा राहिलेला लढा शेवटी गावपातळीवर अनेकांनी धर्माचाच समजला होता, हे त्यातून दिसतं. हिप्परग्याची शाळा ज्या जिल्ह्यात होती, तिथंच हे घडलं.

स्वातंत्र्यानंतर स्वामीजी मुख्यमंत्री होतील असं कुणाला वाटलं असेल, तर ते झालं नाही. काँग्रेसमध्ये दोन गट होते, एक स्वामीजींचा आणि एक बुर्गुला रामकृष्ण राव यांचा. जमिनीच्या प्रश्नावर घाईनं पावलं टाका म्हणणारा स्वामीजींचा गट मवाळांना डावीकडे झुकलेला वाटायचा. म्हणजे बघा, निजामाला हा माणूस हिंदू जातीयवादी वाटत होता आणि आता स्वतःच्या पक्षातल्यांना डावा वाटायला लागला. माणूस तोच. १९५२ मध्ये मुख्यमंत्री झाले बुर्गुला.

स्वामीजी १९५२ मध्ये गुलबर्ग्यातून आणि १९५७ मध्ये औरंगाबादमधून लोकसभेवर गेले. पहिल्या लोकसभेत बाबासाहेब परांजपेही होते, बीडमधून निवडून आलेले, पण विरोधातल्या पीडीएफ पक्षाकडून. हिप्परग्याच्या शाळेतले दोन मास्तर एकाच सभागृहात, समोरासमोरच्या बाकांवर. आता शिकवणं दोघांचंही सुटलं होतं.

सुटलं म्हणावं का, हा प्रश्नच आहे. १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं, त्यामागे स्वामीजी होते. मराठवाड्यात तेव्हा कॉलेजं हाताच्या बोटावर मोजण्याइतकी. सत्ता हातात असलेला दुसरा कुणी असता तर त्यानं कारखाना मागितला असता, यांनी कॉलेज काढलं. पुढे त्याच कॉलेजात नरहर कुरुंदकर प्राचार्य झाले आणि मराठवाड्याच्या दोन-तीन पिढ्यांना विचार कसा करायचा ते त्यांनी शिकवलं.

१९५६ मध्ये भाषावार प्रांतरचनेत हैदराबाद संस्थान तीन तुकड्यांत विभागलं गेलं आणि स्वामीजींचा त्याला पाठिंबाच होता. यात त्यांचं स्वतःचं राजकीय नुकसान होतं. तीन भाषांच्या राज्याचा नेता असलेल्या माणसाला आता राज्यच उरलं नाही. जन्म कर्नाटकात, काम महाराष्ट्रात आणि मुक्काम तेलंगणात. त्यांचं आपलं म्हणावं असं एक राज्य राहिलं नाही, त्यामुळे तिन्हीकडे मान मिळाला आणि तिन्हीकडे थोडी उपेक्षाही झाली.

१९६७ मध्ये त्यांच्या आठवणींचं पुस्तक इंग्रजीत आलं, हैदराबादच्या लढ्याविषयीचं. २२ जानेवारी १९७२ ला हैदराबादमध्ये त्यांचं निधन झालं. बेगमपेठेत त्यांचं स्मारक आहे.

आंबेजोगाईत, जिथं त्यांनी शाळा उभी केली, तिथल्या सरकारी मेडिकल कॉलेजला त्यांचं नाव आहे. १७ सप्टेंबर १९९४ ला नांदेडला नवं विद्यापीठ झालं, त्यालाही त्यांचंच नाव दिलं गेलं. ज्याच्या शाळेला सरकार संशयानं बघत होतं, त्याच्या नावानं सरकारच पदव्या देऊ लागलं. फक्त नाव लांबलचक असल्यानं लोकांनी ते छोटं करून घेतलंय. वर्तमानपत्रात विद्यापीठाचं 'स्वारातीम' होतं आणि आंबेजोगाईच्या रुग्णालयाचं 'स्वाराती'. पेशंटला घेऊन आलेला माणूस रिक्षावाल्याला स्वारातीला सोड म्हणतो आणि रिक्षा बरोबर तिथं जाऊन थांबते.